चढावर सीट कधी सोडायची?

घाटातल्या सायकलिंगबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांचा रोख बहुतेक एकाच गोष्टीवर आहे: चढ बसून चढावा की उभ्याने? त्यांतली चार पत्रं इथे घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांनाही त्यातलं बरंच लागू पडेल.

मी ४३ वर्षांचा आहे, वजन ८२ किलो. दीड वर्षापासून रोड बाइक चालवतो. रविवारी साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासच्या बाजूला जातो. आमच्या ग्रुपमध्ये म्हणतात, बसून चढणं हे कच्च्या माणसाचं काम, खरा सायकलपटू उभ्याने घाट मारतो. मीही घाट लागला की उभा राहतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला धाप लागून थांबावं लागतं. पुढच्या चकत्या ५० आणि ३४ दात्यांच्या, मागे ११ ते २८ दात्यांचं कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच. पुढे ५० वरच ठेवतो, कारण छोट्या चकतीवर घेताना चेन पडते. उभं राहायचा दम कसा वाढवू?
— एक वाचक, सातारा

तुमच्या दमाला काही झालेलं नाही, गिअर जड आहे. तुम्ही ५० च्या चकतीवर घाट चढताय, आणि त्या गिअरमध्ये तुम्हाला बसून चढताच येणार नाही. म्हणजे उभं राहणं तुम्ही निवडत नाही, ते तुमच्यावर येऊन पडतं.

हिशेब करून बघा. रस्ता ७ टक्के चढाचा धरू, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ७ मीटर वर. तुम्ही, सायकल, पाण्याची बाटली, पंक्चरचं सामान मिळून ९४ किलो. ताशी ९ किलोमीटर वेगाने एवढं वजन वर न्यायला सुमारे १८० वॅट ताकद लागते. यातली जवळजवळ सगळी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध खर्च होते, वाऱ्याच्या वाट्याला चार-पाच वॅट येतात. त्यामुळे या वेगाला उभं राहिल्याने वारा अडतो ही काळजी सोडून द्या. आता याच वेगाला ५० आणि २८ च्या जोडीवर तुमचे पाय मिनिटाला ४० फेरे मारतील. ३४ आणि २८ वर ते ५९ होतात, आणि प्रत्येक फेऱ्याला पायडलवर द्यायचा जोर एक तृतीयांशाने कमी होतो. मागे ३४ दात्यांपर्यंतचं कॅसेट बसवलंत तर ७१ फेरे. मिनिटाला ४० फेऱ्यांनी बसून चढायचं म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जिना चढल्यासारखा रेटा द्यावा लागतो. शरीर ते नाकारतं आणि आपोआप उभं राहतं.

उभं राहिल्यावर काय होतं? बसलेलं असताना तुमचं बरंचसं वजन सीटवर असतं. सीट सोडली की ते सगळं पाय, कंबर आणि हातांनी पेलायचं. दंड, खांदे, पाठ, पोट हे सगळे स्नायू सायकल सरळ ठेवायच्या कामाला लागतात आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. वेग तोच असला तरी नाडी वाढते. घड्याळावर नाडी दिसत असेल तर स्वतःच पाहा: एका वळणापासून पुढच्या वळणापर्यंत बसून जा, त्यानंतरचं अंतर त्याच वेगाने उभ्याने. मी शिकवते त्या मुलांमध्ये पाच ते दहा ठोक्यांचा फरक नेहमी दिसतो. तुमच्या वजनाच्या माणसाला हा भुर्दंड जास्त, कारण पेलायचं ओझंच जास्त.

मग उभं राहायचंच कशाला? कारण त्याचे फायदेही खरे आहेत. शरीराचं वजन थेट पायडलवर टाकता येतं, खुब्याचा कोन उघडतो, थोड्या वेळासाठी बरीच जास्त ताकद निघते. पाठीला आणि बैठकीला विसावा मिळतो. चढ जितका तीव्र, तितका बसण्याचा फायदा कमी होत जातो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलपटूंना १० टक्के चढावर दोन्ही पद्धतींनी चालवायला लावलं होतं. त्यांच्या कमाल ताकदीच्या साधारण ९४ टक्क्यांपर्यंत बसा किंवा उभे राहा, फार फरक पडला नाही. त्याहून जास्त जोर काढायचा होता तेव्हा उभं राहणं सरस ठरलं. म्हणजे शेवटच्या टप्प्यात कुणाला मागे टाकायचं असेल, किंवा रस्ता अचानक भिंतीसारखा उभा झाला, तर सीट सोडा. रविवारच्या सकाळी सगळा घाट चढायचा आहे, तिथे बूड टेकवून चढणंच शहाणपणाचं.

‘खरा सायकलपटू उभ्याने चढतो’ हे तुमच्या मित्रांचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. स्पेनचा मिगेल इंदुराइन १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षं टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकला. १ मीटर ८८ सेंटिमीटर उंच, वजन ८० किलोच्या आसपास, म्हणजे जवळपास तुमच्याच वजनाचा. आल्प्स आणि पिरेनीजचे घाट तो बहुतेक बसूनच चढायचा, एका ठेक्यात. त्याच काळातला इटलीचा मार्को पान्तानी १ मीटर ७२, वजन ५७ किलो. तो हँडलच्या खालच्या वळणाला धरून, सीट सोडून मैलच्या मैल जायचा. १३.८ किलोमीटर लांब आणि २१ वळणांच्या आल्प दुएझ घाटावर तो १९९५ आणि १९९७ मध्ये जिंकला. दोघांना आपापल्या शरीराला काय मानवतं ते पक्कं ठाऊक होतं. तुमचं शरीर इंदुराइनच्या बाजूचं आहे, तर त्याच्याकडून शिका. जात्यावर दळणारी बाई हिसके देत नाही, खुंटा एका लयीत फिरवत राहते. बसून चढताना पायांची चाल तशी हवी.

आता कामाचं. चेन पडते म्हणून मोठ्या चकतीवर राहणं हा उपाय नव्हे. दुकानात जाऊन पुढच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा) आतल्या बाजूचा मर्यादा-स्क्रू नीट करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. आणि घाट सुरू होण्याआधीच, पायडल हलकं असताना, छोट्या चकतीवर या. जोर पडल्यावर गिअर बदलला तर नीट लावलेली चेनसुद्धा पडते. कॅसेट बदलायचा विचार असेल तर मागच्या डिरेलरला ३४ दाते झेपतात का, हे आधी विचारा. खर्च परवडत असेल तर नक्की करा. घाटाच्या माणसाने चाकं हलकी करण्याआधी गिअर हलका करावा, हे माझं ठाम मत आहे.

वळणांबद्दलही थोडं. आपण डावीकडून चालतो. रस्ता डावीकडे वळतो तिथे आपली बाजू आतली, म्हणजे सगळ्यात उभी. तिथे एक गिअर जड करून पंधरा-वीस फेरे उभ्याने मारा आणि वळण संपताच बसा. उजव्या वळणाला आपण बाहेरच्या कडेला असतो, चढ सौम्य असतो. तिथे बसून श्वास खाली आणा, घोटभर पाणी प्या. यवतेश्वरचा घाट असा वळणावळणाने वाटून घेतलात तर थांबायची वेळ सहसा येणार नाही.

आम्ही नाशिकच्या मैत्रिणी कधीकधी कसाऱ्यापर्यंत उतरतो आणि घाट चढून इगतपुरीला परत येतो. मी उभी राहिले की मागची मैत्रीण ओरडते, ‘अगं, सायकल मागे येतेय!’ एकदा तिचं पुढचं चाक माझ्या चाकाला घासलं. मी तर ब्रेकही मारत नाही. शिवाय उभं राहिल्यावर हात फार दुखतात.
— एक वाचक, नाशिक

मैत्रीण बरोबर सांगतेय. ब्रेक न मारताही हे होतं. सीटवरून उठताना आपण शरीर पुढे आणि वर फेकतो, त्या क्षणी पाय पायडल ढकलायचे थांबतात आणि सायकल तुमच्या खालून मागे सरकते. चढावर वेग आधीच कमी, त्यामुळे वीतभर फरकही मागच्याला जाणवतो. घोळक्यात सायकली एकमेकींना लागतात त्या बऱ्याचदा अशाच.

यावर इलाज आहे आणि तो चार-पाच दिवसांत अंगवळणी पडतो. उठण्याआधी मागे एक किंवा दोन गिअर जड करा, कारण उभ्याने फेरे कमी होतात आणि हलक्या गिअरमध्ये पाय रिकामा खाली जातो. मग तुमचा जोरकस पाय सगळ्यात वरच्या ठिकाणाहून पुढे निघाला की त्याच्या दाबाबरोबर उठा. जोर आणि उठणं एकाच वेळी. हात सायकल किंचित पुढे ढकलतात, खेचत नाहीत. बसतानाही तसंच: पायडल मारता मारता मागे सरका, धपकन बसू नका. सुरुवातीला उठण्याआधी मागच्यांना ‘उठतेय’ असं सांगत जा. त्यात संकोच कसला?

हात दुखतात, कारण तुमचं वजन हँडलवर पडतंय. उभं असताना कंबर पायडलच्या आसाच्या वर हवी, इतकी मागे की सीटचं टोक मांड्यांच्या मागच्या बाजूला अधूनमधून लागेल. ते लागत नसेल तर तुम्ही फार पुढे गेला आहात. पुढे जाण्याचा आणखी एक तोटा पावसाळ्यात कळतो: मागचं चाक हलकं होतं आणि शेवाळलेल्या किंवा रेती साचलेल्या रस्त्यावर जागीच फिरतं. जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या घाटात शक्यतो बसूनच चढा.

पकड ब्रेकच्या रबरी मुठींवर ठेवा, पण सैल. पसरणी घाटात मुलांना शिकवताना मी मध्येच ओरडते, ‘बोटं हलवा!’ उभ्याने चालवताना दहाही बोटं पेटी वाजवल्यासारखी हलवता आली तर पकड ठीक आहे. ज्याची हलत नाहीत त्याने हँडल आवळलेलं असतं. शरीर सरळ, सायकल खाली डावी-उजवी थोडी झुलू द्या: उजवा पाय खाली जाताना सायकल किंचित डावीकडे. पेंडुलमसारखं हातभर झुलवू नका, त्यात ताकद वाया जाते. आणि कसाऱ्यात हे झुलणं मुळीच नको, कारण तिथे शेजारून कंटेनर जातात. मागून ट्रकचा आवाज आला की बसा, सरळ रेषेत राहा, तो जाऊ द्या. सराव घराजवळच्या एखाद्या दोनशे मीटरच्या, बिनरहदारीच्या चढावर करा.

वय ६१, निवृत्त. पुण्यात राहतो, पहाटे सिंहगड पायथ्यापर्यंत आणि कधी वरपर्यंत सायकलने जातो. हल्ली चढावर उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. डॉक्टरांनी तपासलं, झीज किरकोळ आहे, सायकल चालवा म्हणाले. एक मित्र म्हणतो उभ्याने चढलास तर गुडघ्यावर ताण कमी येईल. खरं का?
— एक वाचक, पुणे

नाही, सरसकट खरं नाही. जड गिअरमध्ये उभ्याने चढताना वाकलेल्या गुडघ्यावर पूर्ण वजन येतं. तुमच्या दुखण्याच्या जागेवरून पहिला संशय सीटच्या उंचीवर घ्या. वाटीच्या पुढे दुखतं तेव्हा बरेचदा सीट खाली असते, मागच्या बाजूला दुखतं तेव्हा वर. भिंतीला टेकून सायकलवर बसा, पायडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलात की गुडघा थोडासाच वाकलेला राहतो, २५ ते ३५ अंश. सीट वर घ्यायची असेल तर एकदम बोटभर नको, तीन-चार मिलिमीटर वाढवा, आठवडाभर चालवा, पुन्हा बघा.

त्यानंतर गिअर. सिंहगडाचा वरचा टप्पा कठीण आहे आणि ६१ व्या वर्षी तो हलक्यात हलक्या गिअरने चढण्यात काहीही कमीपणा नाही. पाय मिनिटाला ६५ च्या खाली जाऊ देऊ नका. जात असतील तर गिअर बदलून घ्या, किंवा तेवढा तुकडा उतरून चाला. दर दोन-तीन मिनिटांनी दहा-बारा फेऱ्यांपुरतं उठा, तेही पाठ मोकळी करायला, वेग वाढवायला नव्हे. छातीत दडपण किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा. आणि रविवारी वनखात्याच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागायच्या आत खाली या. धुरात चढ चढणं गुडघ्याइतकंच फुप्फुसांनाही त्रासाचं.

माझी मुलगी नववीत आहे. तिला शाळेतून मानव विकास या सरकारी योजनेची सायकल मिळाली. सुरगाणा तालुक्यात आमचा पाडा टेकडीवर आहे, शाळा खाली. येताना ती सगळा चढ उभी राहून पायडल मारत येते, दप्तर पाठीवर. गावातली माणसं म्हणतात, मुलीने असं उभ्याने चालवू नये, पोटाला, कंबरेला अपाय होतो. आम्हाला काळजी वाटते.
— एक पालक, सुरगाणा तालुका

दादा, तुमच्या मुलीला काहीही अपाय होत नाही. उभ्याने पायडल मारल्याने मुलीच्या पोटाला किंवा गर्भाशयाला इजा होते, या बोलण्याला कसलाही आधार नाही. मासिक पाळीच्या दिवसांतही तिला बरं वाटत असेल तर तिने चालवावी. कुणी तिला अडवलं तर हे पत्र दाखवा.

उलट ती जे करतेय ते तिच्या सायकलवर अगदी बरोबर आहे. वर मी बाकीच्यांना बसून चढा म्हणाले, कारण त्यांच्याकडे गिअर आहेत. तिच्या सायकलला एकच गिअर. अशा साध्या सायकलीला बहुतेक वेळा पुढे ४४ च्या आसपास आणि मागच्या फ्रीव्हीलला, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकतीला, १८ दाते असतात. पायडलचा एक फेरा मारला की सायकल पाच मीटर जाते. सपाटीवर ते छान, पण टेकडीवर पंधरा किलो वजनाच्या सायकलीवर बसून तो फेरा पूर्ण होणार नाही. शरीराचं वजन पायडलवर टाकणं हाच तिच्यापुढचा मार्ग, आणि तो तिने स्वतः शोधला. मला तिचं फार कौतुक वाटतं.

तिचा त्रास मात्र कमी करता येतो. तालुक्याच्या ठिकाणी सायकलच्या दुकानात २० किंवा २२ दात्यांचं फ्रीव्हील मिळतं का विचारा. १८ चं काढून २२ चं बसवलं तर प्रत्येक फेऱ्याला जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी जोर लागेल. चेन एखाद-दोन कड्यांनी वाढवावी लागेल. सपाटीवर सायकल तेवढीच हळू जाईल, हे तिला आधी सांगा आणि तिला विचारूनच बदला. रोज तीच चालवते.

सीट बघा. नव्या सायकलीची सीट बहुतेक वेळा अगदी खाली बसवलेली असते आणि मुली वाढत्या वयाच्या असतात. ब्रेक मारून थांबल्यावर पायांचे चवडे जमिनीला टेकतील इतकी वर घ्या, म्हणजे सौम्य चढावर तिला बसून येता येईल. दप्तर पाठीवर नको, मागच्या कॅरिअरला ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधा. हँडलला तर अजिबात अडकवू नका, उभ्याने चालवताना ते झोका घेतं आणि चाक वळतं. फार उभा तुकडा असेल तिथे तिने उतरून ढकलत यावं.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. उभं असताना चेन निसटली तर पाय एकदम रिकामा खाली जातो आणि मुलगी दांड्यावर किंवा रस्त्यावर आपटते. उभ्याने चालवणाऱ्याच्या सायकलीला खरा धोका हाच. दर रविवारी दोघांनी मिळून तपासा: चेन मधोमध बोटाने उचलली तर अर्धा ते पाऊण इंच हलावी, जास्त नको. सैल असेल तर मागच्या चाकाचे नट ढिले करून चाक मागे ओढा, सरळ करा, पुन्हा आवळा. मग दोन्ही पायडल हाताने पुढे-मागे हलवून बघा. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, खडखडत असेल तर त्याला आसावर घट्ट धरणारी कॉटर पिन झिजली आहे. ती स्वस्त असते, त्याच दिवशी बदला, आणि पिन बदलेपर्यंत मुलीला चढावर उभ्याने चालवू देऊ नका.